नकार आणि मौन

ई-मेलचें टपालघर आपल्याच घरीं थाटण्याचा छंद हौशी तरुणांत आढळतो. छंद वाईट नव्हे. पण सारें कुटुंब त्यावर विसंबलें, कीं तो नुसता छंद राहत नाहीं. पत्रें बाहेर जातात, येणारें मात्र एकहि येत नाहीं, आणि पाठविणाऱ्या सर्व्हरास ‘वाट पाहून मुदत संपली’ एवढेंच कळतें, हा प्रकार नेहमींचा.

अशा वेळीं मंडळी प्रथम मेल-सर्व्हरची आज्ञावली उसकटीत बसतात. आमच्या मतें येथेंच दिशा चुकते. दार ठोठावतांच नकार आला, तर हांक बहुधा दारापर्यंत पोंचली. आंत ऐकणारें कोणी नाहीं, इतकेंच. उत्तरच न येणें हें मात्र बहुधा हांक वाटेंत गिळली गेल्याचें लिंग. नैयायिकानें धुरावरून अग्नि ओळखावा, तसा मौनावरून वाटेंतला पहारेकरी ओळखावा.

सर्व्हराकडून सर्व्हराकडे पत्र जातें तें २५ क्रमांकाच्या पोर्टानें. तो राऊटरमध्यें घरच्या यंत्राकडे वळवावा, यंत्राच्या फायरवॉलमध्येंहि मोकळा ठेवावा. इतकें करूनहि कित्येक इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर तोच पोर्ट बंद ठेवतात.

याहून फसवी गोष्ट पत्त्याची. राऊटर दाखवितो तो बाहेरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकीं आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर जगाला तो दिसतच नाहीं. अनेक घरांत एक सार्वजनिक पत्ता वांटून देतां यावा म्हणून हा टापू २०१२ सालीं राखून ठेवण्यांत आला. बिऱ्हाडें अनेक आणि पाटी एक; पोस्टमननें पत्र टाकावें कोठें? आमच्या पुतण्याच्या सर्व्हराचा दोष हाच निघाला. वडील बंधूंच्या रक्ततपासणीचा अहवाल तीन दिवस अडकला होता. येथें राऊटरशीं झटणें व्यर्थ. कंपनीकडे स्वतंत्र स्थिर पत्ताच मागावा.

परीक्षा घराबाहेरून घ्यावी. माजघरांतली हांक माजघरांत ऐकूं आली, यांत नवल तें काय! स्नेह्याच्या घरची जोडणीहि उपयोगाची नाहीं. तिचा बाहेर जाणारा २५ पुष्कळदां अडविलेला असतो. तो जेथून मोकळा आहे अशा यंत्रावरून टेलनेटनें जोडून पाहावें. २२० हा आंकडा उमटला, कीं रस्ता मोकळा. जोडणी झटकन होऊन २२० रेंगाळत असेल, तर मात्र आज्ञावली खुशाल तपासावी. येणाऱ्याचें नांव-गांव डी.एन.एस.ला विचारण्यांत ती अडकलेली असूं शकते.

पाठविणाऱ्या सर्व्हरानें निदान ४-५ दिवस फिरून फिरून प्रयत्न करावा, असें २००८ च्या नियमपत्रांत सांगितलें आहे. तेवढ्यांत वाट मोकळी झाली, तर तुंबलेलें टपाल बहुधा आपोआप येतें. पुढें तें पाठविणाऱ्याकडे परत जातें. म्हणून मौन पहिल्या दिवशींच ध्यानांत आलें पाहिजे, आणि तपास लांबणार असें दिसतांच दवाखाना, बँक व परगांवचीं मुलें यांना दुसरा पत्ता कळवून टाकावा.