सोन्नलगीचा दाखला

सोळा गावे मिळून झाले ते सोलापूर, ही व्युत्पत्ती आमच्या शहरात मूल शाळेत जाण्यापूर्वीच त्याच्या कानावर पडते. आणि बालपणी कानावर पडलेली गोष्ट प्रौढपणी प्रमाणाचे रूप कसे धारण करते याचा प्रत्यय, मराठी विकिपीडियावरील सोलापूरच्या नोंदीत मी पहिला फेरफार करू गेलो तेव्हा मला आला. मी एवढेच लिहिले होते, की सोळा गावांची ही समजूत चुकीची असून सिद्धरामेश्वरांच्या काळातील, म्हणजे बाराव्या शतकातील, शिलालेखांत या स्थळाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते. यादवांच्या ऱ्हासानंतरचा, शके १२३८ चा जो संस्कृत शिलालेख मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडला, त्यात ते ‘सोनलीपूर’ होते. सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’ व तेथल्याच विहिरीवरील लेखात ‘संदलपूर’ असे दिसते. आणि कालांतराने मधला नकार गळून आजचे नाव सिद्ध झाले. संध्याकाळपर्यंत ते वाक्य उडाले होते, आणि ते उडविणाऱ्याने कारणाच्या रकान्यात लिहिले होते : ‘आम्ही इथलेच आहोत.’

या तीन शब्दांत जो पूर्वपक्ष सामावला आहे त्याची मी उपेक्षा करणार नाही, कारण तो लबाडीतून आलेला नाही, जिव्हाळ्यातून आलेला आहे. परंतु इथे जन्मल्याने इथल्या गल्ल्यांची, माणसांची आणि उन्हाची जी माहिती होते, ती आठशे वर्षांमागच्या नामाभिधानापर्यंत पोहोचत नाही. बाराव्या शतकात तुम्ही-आम्ही कोणीच हजर नव्हतो, शिलालेख हजर होता. शिवाय ज्या परंपरेची ग्वाही दिली जाते, तिने सांगितलेली सोळा गावांची यादी तरी सावकाश वाचावी. आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फत्तेपूर, जामदारवाडी अशा नावांच्या त्या रांगेत सोलापूर हे स्वतःच एक गाव म्हणून उभे आहे, आणि त्याच्या जोडीला सोनलगी, सोनापूर व संदलपूर हीही आहेत. सोळांची बेरीज झाल्यावर ज्याला नाव मिळाले, ते बेरजेपूर्वीच त्या नावाने सोळांत कसे मोजले गेले? परंपरेची ही यादी परंपरेच्याच निष्कर्षाविरुद्ध साक्ष देते.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. ‘चुकीची समजूत’ हा माझा शब्दप्रयोग अकारण कठोर होता आणि कोशाच्या दृष्टीने अपुराही होता. कारण लोक पिढ्यान्‌पिढ्या असे मानत आले, हेही एक सत्यच आहे, आणि ते सत्य पुसून टाकण्याचा अधिकार शिलालेखाला नाही. चर्चापानावर आठवडाभर उत्तर-प्रत्युत्तर झाल्यानंतर मी मसुदा बदलला : लोकपरंपरा अशी आहे, आणि कोरीव लेखांचा पुरावा असा आहे. दोन्ही आपापल्या जागी, आपापल्या दाखल्यासह. हा मसुदा टिकला.

तो टिकला खरा, तथापि दुसरी हरकत लगोलग आली, आणि ती पहिलीपेक्षा गंभीर होती. ‘सोन्नलगे’ हे रूप कानडी आहे. ते नोंदीत ठळकपणे घालणे म्हणजे सीमाप्रश्नात प्रतिपक्षाच्या हाती कोलीत देणे होय, असे एका सुविद्य गृहस्थांनी मला बजावले. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने दक्षिण सोलापूर व अक्कलकोट या भागांसंबंधी जी शिफारस केली, आणि जी महाराष्ट्राने अमान्य केली, तिची जखम आमच्याकडे अद्याप ओली आहे, हे मी जाणतो. पण ज्या दाव्याला आठशे वर्षांपूर्वीच्या एका नावाची भीती वाटते, तो दावा मुळात कमकुवत आहे असे आपणच जाहीर करीत नाही काय? सीमा आज तेथे राहणाऱ्या माणसांच्या भाषेवर आणि इच्छेवर ठरावयाच्या असतात. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटल्याने पंढरपूर महाराष्ट्रातून गेले नाही. सिद्धरामेश्वरांची वचने कानडीत आहेत, पद्मशाली विणकरांच्या घरात तेलुगू बोलली जाते, बेगम पेठेत उर्दू ऐकू येते, आणि या सर्वांना बाजारात जोडणारी भाषा मराठी आहे. यांतील एक सूत उसवून मराठीचे वस्त्र अधिक घट्ट होईल, असे चादरी विणणाऱ्या शहरातील माणसाने तरी म्हणू नये.

नोंदीतील दुसरे रणक्षेत्र १९३० च्या मे महिन्याचे. गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस शहरातून हटले, ९ ते ११ मे असे तीन दिवस सरकारी अंमल जवळजवळ नाहीसा होऊन शहर काँग्रेसचे अध्यक्ष रामकृष्ण जाजू यांच्या नेतृत्वाखाली नागरिकांनीच बंदोबस्त राखला, नंतर मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन व जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. या वृत्तान्तात ‘भारतातील सर्वप्रथम स्वतंत्र झालेले शहर’, ‘अद्वितीय’, ‘जगाच्या इतिहासात एकमेव’ अशी विशेषणे दर काही महिन्यांनी कोणी ना कोणी घालतो, आणि ती काढणाऱ्यावर हुतात्म्यांच्या अवमानाचा आरोप येतो. हा आरोप मला फार लागतो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट देतो. चार नावे एका ओळीत, तारीख आणि तुरुंगाचे नाव यांसह लिहिली, की ती चार नावेच काय ते बोलतात. विशेषण जोडताच वाचकाचे लक्ष त्या चौघांवरून उडून ‘सर्वप्रथम’ हे खरे की खोटे या वादात शिरते, आणि विशेषण खोटे ठरले तर त्याच्याबरोबर खऱ्या ओळीवरचाही विश्वास जातो. हुतात्म्यांचा अवमान होतो तो असा.

आता उरले ते लोक, जे या सर्व खटाटोपाकडेच तुच्छतेने पाहतात. कोणीही उठावे व काहीही लिहावे अशा कोशाला कोश म्हणणे हाच केतकरांच्या ज्ञानकोशाचा व वाईच्या विश्वकोशाचा उपमर्द आहे, असे त्यांचे म्हणणे. डॉ. केतकरांच्या तेवीस खंडांपुढे मी नतमस्तक आहे. परंतु शहर ही अशी वस्तू आहे, की ती खंड बांधून झाल्यावर थांबत नाही. १९६४ साली सोलापूरची महानगरपालिका झाली, २००४ साली विद्यापीठ झाले, २०१९ साली त्या विद्यापीठाला अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. छापील पान या प्रत्येक वेळी मागे राहते. आणि ‘काहीही लिहावे’ हे तर वस्तुस्थितीला धरून नाही. तलाठ्याच्या दप्तरात सातबारावरील जुने नाव खरवडून काढीत नाहीत. त्याला कंस करतात, शेजारी फेरफाराचा क्रमांक घालतात, आणि तो क्रमांक धरून मागे जाणाऱ्यास कोणत्या दिवशी, कोणाच्या अर्जावरून, कशाच्या आधारे नाव बदलले हे सारे सापडते. विकिपीडियावरील प्रत्येक नोंदीच्या ‘इतिहास’ या सदराची रचना नेमकी तशी आहे, आणि मराठी विकिपीडियाने आपल्या सार्वजनिक चर्चेच्या जागेला ‘चावडी’ हे नाव दिले, यात मला मोठे औचित्य वाटते. माझे उडविलेले पहिले वाक्य आजही त्या इतिहासात आहे, व माझ्या कठोर शब्दासह कोणालाही वाचता येते.

एक आक्षेप मात्र असा आहे, की तो मी सहज बाजूला सारू शकत नाही. छापील दाखल्याखेरीज काही लिहू नये हा नियम मान्य केला, तर ज्यांच्याविषयी कोणी छापलेच नाही, त्या माणसांनी नोंदीत यावे कसे? शिलालेख राजांचे व देवळांचे असतात, अहवाल साहेबांचे असतात; घरोघर विड्या वळणाऱ्या बायकांचा, मागावर जन्म काढलेल्या माणसांचा लेख कोण कोरतो? नियम शिथिल करा, असे यावर काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्या दारातून प्रथम आत शिरतील ते ‘अद्वितीय’ आणि ‘एकमेव’च. उत्तर निराळे आहे, आणि ते अधिक श्रमाचे आहे : दाखला नसेल तर तो निर्माण करावा लागतो. शाळेची स्मरणिका, दिवाळी अंक, कामगारांच्या आठवणींचे छोटे पुस्तक, यांत नीट पडताळून लिहिलेली हकीकत छापली गेली, की ती उद्याचा आधार होते.

आमच्या शेजारचे मामा ऐन उमेदीची वर्षे येथील एका मिलमध्ये चार साचे सांभाळीत होते. हजेरीचा पितळी बिल्ला त्यांनी अजून देवघराच्या फळीवर ठेवला आहे. त्यावरचा क्रमांक बोटांनी झिजला असला, तरी तिरक्या उजेडात वाचता येतो. भोंगा पहाटे किती वाजता होई, रात्रपाळीला भाकरी कोण आणी, मिल बंद झाली त्या दिवशी दारावर काय लिहिले होते, हे ते सांगतात व मी रविवारी-रविवारी लिहून घेतो. तारखांचा त्यांच्याकडून कधी कधी घोटाळा होतो, म्हणून मी त्या काळची वर्तमानपत्रे ग्रंथालयात पाहून येतो, आणि पुढच्या रविवारी त्यांना वाचून दाखवितो. गेल्या खेपेस त्यांनी विचारले, ‘लिहिलंत का हो ते आपल्या सोलापूरच्या पानावर?’ मी त्यांना नाही म्हणून सांगितले. हकीकत अगोदर छापून येऊ द्या, मामा, मग दुसरा कोणी तिचा दाखला देईल. तोवर नोंदीतील ती जागा मी रिकामी ठेवली आहे.