कोयता निघायच्या आधी दात बघा!



माझी चुलती यंदा फडावरून आली ती दोन दाढा काढूनच. जखम महिनाभर भरली नाही. विचारलं तर म्हणती, "दातच गेलेत, जीव थोडीच गेलाय?" तळवाड्यात हे घरोघरी ऐकायला मिळतं, म्हणून लिहितोय.

दात आणि हाड यांना बांधून ठेवणाऱ्या तंतूंमध्ये मूळपेशी असतात, हे शास्त्रज्ञांनी 2004 साली दाखवून दिलं. या पेशी म्हणजे तोंडातले गवंडी. झीज झाली की तंतू आणि हाड दुरुस्त करायचं काम त्यांचं. तोंडातले सगळेच जंतू वाईट नसतात. पण हिरडीखाली किटण साचलं की तिथं पॉर्फिरोमोनास जिंजिवॅलिससारखे जंतू माजतात. त्यांच्या आवरणातलं विष या पेशींना लागलं की त्यांची हाड बनवायची ताकद घटते, असं प्रयोगशाळेत दिसलंय. म्हणजे गवंडी हजर, पण काम बंद! त्यात साखरेचा आजार असेल तर जखम आणखी रेंगाळते.

आणि आपण काय करतो? दात दुखला की मिश्री लावतो. तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं रक्त कमी येतं आणि वाटतं, बरं झालं. आतून मात्र हाड झिजतच राहतं. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, पण पुड्या कुठं मिळतात हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

दवाखाना जवळ नाही, फडावर खाडा परवडत नाही, उचल फेडायची असते. मग दात हलेपर्यंत कोण थांबणार नाही? दोष त्या बाईला देऊ नका.

माझं म्हणणं साधं आहे. नवरात्रात त्वरितादेवीच्या दर्शनाला सगळा गाव येतो, आणि दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात. त्याच नऊ दिवसांत दातांचं शिबिर लावा. नुसती तपासणी नको, किटणही काढून द्या. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम कागदावर आहेच, तो गावात आणा. ग्रामपंचायतीनं ठराव घ्यावा, मुकादमांनी आपापली टोळी पाठवावी.

मूळपेशींचे महागडे उपचार येतील तेव्हा येतील. देवानं दिलेले गवंडी तरी आधी कामाला लागू द्या.

पटलं तर सरपंचांपर्यंत पोचवा.