पगार खालच्यांना, प्रेरणा वरच्यांना?

बंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन १० ऑगस्ट २०२५ रोजी झालं. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, एकोणीस किलोमीटर, सोळा स्थानकं. होसूर रस्त्याच्या डोक्यावरून ती जाते, त्यामुळे खिडकीतून दक्षिण बंगळुरूचा सगळा रोजगार ओळीनं दिसतो. बोम्मनहळ्ळीला तयार कपड्यांचे कारखाने, पुढे इलेक्ट्रॉनिक सिटीत सॉफ्टवेअर कंपन्या, हेब्बगोडीला बायोकॉन, आणि शेवटच्या थांब्यावर बोम्मसंद्राची औद्योगिक वसाहत आणि डॉ. देवी शेट्टी यांचं नारायणा हेल्थ सिटी.

या पट्ट्यात नोकरी मागायला आलेल्या माणसाची पारख करायच्या दोन तऱ्हा आहेत. इंजिनीअर आला की बऱ्याच कंपन्या त्याच्यापुढे प्रश्नावली ठेवतात: गर्दीत रमता की एकटे? नियम महत्त्वाचा की माणूस? पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? शिलाई ऑपरेटर म्हणून बाई आली की तिच्यापुढे मशीन आणि कापडाचे दोन तुकडे ठेवतात. शिवून दाखव, किती वेळ लागतो बघू. तिला काय आवडतं, तिला कुठे पोचायचंय, हे तिला विचारायची पद्धत नाही. तिला पगार हवा, एवढं आपल्याला ठाऊक आहे असं आपण धरून चालतो.

आजचा लेख या धरून चालण्याबद्दल आहे. माणूस काम का करतो, याचं मानसशास्त्र गेली ऐंशी वर्षं व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवलं जातंय. ते शिकून बाहेर पडलेल्यांनी माणसांचे दोन वर्ग करून टाकले: वरच्यांना प्रेरणा असते, खालच्यांना गरज असते. माझं म्हणणं असं, की ही वाटणी मूळ सिद्धांतांत बसत नाही आणि बोम्मसंद्राच्या अनुभवालाही पटत नाही.

सगळ्यांत प्रसिद्ध सिद्धांत अब्राहम मॅस्लो यांचा. १९४३ साली त्यांनी मांडलं, की माणसाच्या गरजांना क्रम असतो: आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग माया-आपलेपणा, मग मानसन्मान, आणि शेवटी आपल्यात जे आहे ते पुरतं फुलवण्याची ओढ. एमबीएच्या प्रत्येक पुस्तकात याचा त्रिकोण असतो. तो मॅस्लोंनी काढलेला नाही. १९६० साली चार्ल्स मॅकडरमिड नावाच्या व्यवस्थापन सल्लागारानं एका लेखात तो काढला आणि पुढे तोच मॅस्लोंच्या नावावर चालला. मॅस्लोंनी तर मूळ लेखातच बजावलं होतं, की एक गरज शंभर टक्के भागल्यावर दुसरी उगवते असं समजू नका. समजावण्यापुरते आकडेही दिले होते: एखाद्या सामान्य माणसाची अन्नाची गरज ८५ टक्के भागलेली असेल, सुरक्षिततेची ७०, मायेची ५०, स्वाभिमानाची ४० आणि आत्मविकासाची १०. म्हणजे पाचही गरजा एकाच माणसात, एकाच वेळी, कमीजास्त भागलेल्या. त्रिकोण आला आणि या पाच गरजांचे पाच मजले झाले. मजले म्हटले की कोण कुठे राहतं हे ठरवायला कितीसा उशीर! तळमजल्यावर कामगार, गच्चीवर संचालक.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांचंही असंच झालं. १९५९ च्या त्यांच्या पुस्तकाचा निष्कर्ष गाजला: पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्यानं कामाचा उत्साह येत नाही, तो येतो कामातल्या यशातून, कौतुकातून, जबाबदारीतून. हे त्यांनी कोणाला विचारून ठरवलं? पिट्सबर्ग परिसरातल्या दोनशेएक इंजिनीअर आणि हिशेबनीसांना. पगाराची भ्रांत मिटलेल्या माणसांनी पगार गौण ठरवला, यात नवल नाही. यंत्रावर बसणाऱ्यांना तेव्हा कोणी विचारलं असतं तर सिद्धांत कसा झाला असता, हा प्रश्न मला त्या निष्कर्षापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता बोम्मसंद्राच्या अलीकडच्याच स्थानकावर, हेब्बगोडीला उतरू. १० फेब्रुवारी २०१६ रोजी केंद्र सरकारनं भविष्य निर्वाह निधीचा नियम बदलला. नोकरी सुटल्यावर दोन महिने बेकार राहिलं की आधी पीएफची सगळी रक्कम काढता येई. नव्या नियमानं कामगाराला स्वतःचा वाटा आणि त्यावरचं व्याज तेवढं मिळणार होतं. मालकाचा वाटा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत अडकणार होता. १८ एप्रिलला बोम्मनहळ्ळीतल्या एका कपडे कारखान्यातल्या बायका काम टाकून होसूर रस्त्यावर आल्या. दुसऱ्या दिवशी आंदोलन शहरभर पसरलं. कोणत्याही मोठ्या संघटनेनं हाक दिलेली नव्हती. हेब्बगोडीच्या पोलीस ठाण्यावर दगडफेक झाली, आवारातली जप्त वाहनं जळाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. जाळपोळीचं समर्थन कोणी करू नये. पण १९ एप्रिललाच केंद्रीय कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेय यांना नियम मागे घेतल्याचं जाहीर करावं लागलं, हेही विसरू नये.

त्रिकोणाच्या हिशेबानं हे आंदोलन व्हायलाच नको होतं. सरकार तर सुरक्षिततेचीच गरज भागवत होतं: म्हातारपणासाठी पैसे राखून ठेवा, म्हणत होतं. मग बायका का भडकल्या? त्यांना उद्याचं दिसत नाही, हातात पैसा हवा, असं तेव्हा बरेच शहाणे म्हणाले. या बायकांचा हिशेब त्या शहाण्यांच्या हिशेबापेक्षा पक्का होता. शिलाईच्या लाइनवर तासाला इतके पीस हे टार्गेट असतं. पाठ आणि डोळे गेल्यावर पन्नाशीपर्यंत तिथे कोण ठेवून घेतं, हे त्यांना दिसत होतं. मुलीची फी, अंगावरचं कर्ज, गावाकडचं घर या गोष्टी अठ्ठावनाव्या वर्षाची वाट पाहत नाहीत, हेही माहीत होतं. पीएफ ही त्यांच्याकडची बहुधा एकमेव अशी रक्कम होती, जी कधी आणि कशावर खर्चायची ते त्यांनी स्वतः ठरवायचं. त्या ठरवण्यावरच घाला आला. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतात माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा आहेत: आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला काही जमतं ही जाणीव, आणि माणसांशी जोडलेलं असणं. यातली पहिली गरज होसूर रस्त्यावर उतरली होती. ‘स्वायत्तता’ हा शब्द आपण मॅनेजरच्या घरून काम करण्यासाठी राखून ठेवला, म्हणून ती तिथे कोणाला ओळखू आली नाही.

मराठी वाचकाला हे ओळखणं जड जाऊ नये. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्या काळी प्रौढांच्या कामाला तासांचं बंधन नव्हतं. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. मजुरी वेळेवर मिळावी ही मागणी यादीत होतीच, पण आठवड्याची रविवारची सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती याही होत्या. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागे होतं. सहा दिवस पोटासाठी, एक दिवस समाजासाठी, अशी लोखंड्यांची सत्यशोधकी भूमिका होती. १० जून १८९० रोजी ती सुटी मंजूर झाली. आधी पोट भरू द्या, मग देव आणि समाज बघू, असं त्या अर्धपोटी माणसांनी म्हटलं नाही. त्यांच्या एकाच अर्जात भाकरीही होती आणि खंडोबाही होता.

प्रेरणेचं हे असं, तर व्यक्तिमत्त्वाचं काय? तिथे दोष वेगळा आहे. एखादा माणूस काम सोडून गेला की कारण त्याच्या स्वभावात शोधायचं, ही आपली सवय. चिकाटी नाही, शिस्त नाही, महत्त्वाकांक्षा नाही. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली व्यक्तिमत्त्व चाचण्यांचे निकाल आणि माणसांचं प्रत्यक्ष वागणं ताडून पाहिलं. दोहोंतला सहसंबंध साधारण ०.३० च्या वर क्वचितच जात होता. माणूस कसा वागेल हे तो कुठल्या परिस्थितीत उभा आहे यावरही मोठ्या प्रमाणात ठरतं, असं त्यांनी म्हटलं आणि मानसशास्त्रात पुढची दोन दशकं वाद चालला.

या वादातलं एक महत्त्वाचं पान बोम्मसंद्रापासून काही तासांवरच्या म्हैसुरात लिहिलं गेलं. जोन मिलर यांनी शिकागोतली आणि म्हैसुरातली मुलं आणि मोठी माणसं निवडली आणि ओळखीच्या लोकांच्या वागण्याची कारणं त्यांना विचारली. १९८४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की लहान मुलं दोन्हीकडे बरीचशी सारखीच उत्तरं देतात, पण वय वाढतं तशी अमेरिकी माणसं स्वभावाकडे बोट दाखवू लागतात आणि म्हैसूरची माणसं परिस्थितीकडे, नात्यांकडे, कर्तव्याकडे. याचा अर्थ, वागण्याची कारणं भोवतालात शोधायची समज या मातीत आहेच. भरतीची प्रश्नावली बनवताना मात्र ती आपण बाजूला ठेवली आणि शिकागोची सवय उचलली.

इथे एचआरमधली मंडळी हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. व्यक्तिमत्त्वाला काहीच अर्थ नाही का? आहे. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं, की काटेकोरपणा आणि जबाबदारीची जाणीव हा गुण जवळपास सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडतो. संबंध माफक आहे, पण खरा आहे. युंगच्या १९२१ च्या पुस्तकावर बेतलेली मायर्स-ब्रिग्ज चाचणी माणसांना सोळा खणांत घालते आणि काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा खण बदलतो; तिच्याविषयी माझं मत चांगलं नाही. पण स्वभाव ही चीजच नाही, असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार एवढीच, की स्वभाव आणि मन दोन्ही आहेत, तर ती सगळ्यांना आहेत असं माना.

तसं मानून पाहिलं तर काय होतं, याचा पुरावा बंगळुरूच्याच कपडे कारखान्यांतून आला आहे. अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यषधम या अर्थशास्त्रज्ञांनी शिलाई करणाऱ्या बायकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून निवडावं तसं निवडलं. त्यांना संवाद, वेळेचं नियोजन, अडचण सोडवणं असं प्रशिक्षण मिळालं. सुईदोऱ्याशी त्याचा संबंध नव्हता. त्यांची उत्पादकता वाढली आणि कंपनीला खर्चाच्या कित्येक पट परतावा मिळाला. मजुरी मात्र नावापुरतीच वाढली. या निकालाकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवं. ‘खालच्या’ कामातही मन असतं आणि ते वाढवलं तर काम वाढतं, ही एक बाजू. त्या वाढीचं मोल कोणाच्या खिशात गेलं, ही दुसरी. आत्मविश्वास बाईचा वाढला, नफा कंपनीचा वाढला. प्रेरणेची भाषा मजुरी टाळायला वापरली जाते, असा कामगार संघटनांना संशय येतो तो उगाच नाही.

अध्वर्यू आणि न्यषधम यांनी टेरेसा मोलिना यांच्यासोबत केलेला दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. भारतातल्या कपडे कारखान्यांत पगारवाढ झाली, पण अपेक्षेहून कमी. लगेचच काही कामगारांना, पुन्हा यादृच्छिक निवडून, नाव न लिहिता मत मांडायला सांगितलं: काम कसं वाटतं, सुपरवायझर कसा आहे, समाधानी आहात का? पगारात एक रुपयाचा फरक केला नव्हता. तरी ज्यांना विचारलं, त्यांचं नोकरी सोडण्याचं आणि खाडे करण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिलं. सर्वांत निराश झालेल्यांमध्ये हा फरक जास्त होता. इथे एक इशारा द्यायलाच हवा. नुसतं विचारून माणसं टिकतात असं कळल्यावर एखादी कंपनी नुसतंच विचारत राहील. दरवर्षी मत घेतलं आणि बदललं काहीच नाही, तर त्याच कागदाचा राग येऊ लागेल.

म्हणून बोम्मसंद्राच्या, आणि तितक्याच चाकण-रांजणगावच्या, कारखान्यांकडे माझी मागणी साधी आहे. राजीनामा देणाऱ्या मॅनेजरशी तासभर बसून बोलता, तसं सोडून जाणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरशी आणि कंत्राटी हेल्परशीही बोला. बोलणारी व्यक्ती तिच्या लाइनची सुपरवायझर नको. बस किती वाजता सुटते, ओव्हरटाइमचे पैसे कधी मिळतात, पाळणाघर चालू आहे का, हे आधी विचारा. चिकाटीचा मुद्दा त्यानंतर काढा. मिळालेली उत्तरं नावं काढून वर्षातून दोनदा संचालक मंडळापुढे ठेवा आणि त्यांतलं काय बदललं ते कारखान्याच्या फलकावर कन्नड, हिंदी, मराठी, जी भाषा कामगार वाचतात तीत लावा. व्यक्तिमत्त्वाची चाचणी घ्यायचीच असेल तर पहिली कंपनीची घ्या. उत्तरपत्रिका सोडून गेलेल्या बायकांकडे भरून तयार आहे.