दात, रक्त आणि डोपामीन

स्किझोफ्रेनियाचं मूळ शरीरातच आहे, असं छातीठोकपणे सांगणारे डॉक्टर शंभर वर्षांपूर्वीही होते. अमेरिकेत ट्रेन्टनच्या सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांना वाटे, वेडाचं विष किडलेल्या दातांत साठतं. त्यांनी रुग्णांचे दात उपटले. तेवढ्यानं भागेना तेव्हा टॉन्सिल, मग मोठं आतडं. रुग्ण नको नको म्हणत, तरी त्यांना टेबलावर घेतलं जाई. शंभरातले पंच्याऐंशी बरे होतात, असा दावा होता. प्रत्यक्षात आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक जण दगावत होते. फिलिस ग्रीनेकर या तरुण डॉक्टरबाईंनी १९२४ पासून नोंदी तपासून हे उघड केलं. त्यांचा अहवाल दाबला गेला. कॉटन लबाड नव्हते, स्वतःच्या मुलांचेही दात त्यांनी काढवले होते. भीती वाटते ती या प्रामाणिक खात्रीचीच.

जर्मनीत तीच खात्री रक्ताविषयी होती. आनुवंशिकतेचे अभ्यासक एर्न्स्ट र‍्यूडिन यांनी १९३३च्या नसबंदी कायद्यावरचं अधिकृत भाष्य लिहिण्यात भाग घेतला. कायद्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता; सुमारे चार लाख माणसांची सक्तीनं नसबंदी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर बोट वळलं आईकडे: तिच्या वागण्यानंच पोर बिघडलं म्हणे!

आईवरचा हा कलंक पुसण्यात जीवशास्त्राचा मोठा वाटा आहे, आणि त्यात मुंबईचाही एक धागा आहे. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९मध्ये जगापुढे मांडला. तिच्यातलं रिसर्पिन पुढे मनोरुग्णांनाही दिलं गेलं. ते मेंदूतलं डोपामीन हे रसायन आटवतं, हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. डोपामीनच्या अतिरेकातून हा आजार होतो, या सिद्धांताची वाट तिथून निघाली.

पण तोही पुरा पडत नाही. २०२२च्या जनुकीय अभ्यासात या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या, बहुतेकींचा प्रभाव अगदी इवलासा. एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला आजार झाला, तरी दुसरा बहुधा निम्म्याहून अधिक वेळा सुटतो. आणि २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं नवं औषध डोपामीनला थेट न अडवता काम करतं.

आपल्याकडे मात्र ‘घराण्यातच आहे’ या दोन शब्दांवर बहिणींची लग्नं मोडतात. ‘आमच्याकडूनच आलं का?’ असं शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारे घरचे, विचारतात, तेव्हा ‘मेंदूतलं रसायन बिघडलंय’ एवढ्यावर त्यांची बोळवण करू नये. जुळ्यांची ही गोष्ट त्यांना सांगावी, गोळी का लागते तेही सांगावं, आणि गोळीचा गुण येतो म्हणून कारण सापडलं असं होत नाही, हेही त्याच बैठकीत.