इंटिरियर नंतर, आधी घड्याळ लावा

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: "सर, दुकान टाकायचंय, भांडवल कमी आहे, इंटिरियरवर किती खर्च करू?" याचं उत्तर मला एका बास्केटबॉलच्या मॅचवरून द्यायचंय. हसू नका, पुढे वाचा.

5 ऑक्टोबर 2019, शनिवार. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स विरुद्ध सॅक्रामेंटो किंग्ज. एनबीएचे संघ भारतात पहिल्यांदाच खेळत होते, दोन दिवसांत दोन मॅच. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईकर, त्यामुळे मी आपोआप किंग्जच्या बाजूने. आदल्या दिवशीची मॅच ओव्हरटाइमला जाऊन पेसर्सनी 132-131 अशी अवघ्या एका गुणाने काढली होती. आमच्या वाट्याला आली ती 130-106. सरळ धुलाई! त्यात सीझनच्या आधीची सराव मॅच, म्हणजे हरा-जिंका, गुणतक्त्यात फरक शून्य.

तरी मजा आली. माझ्या शेजारी एक काका मुलासाठी म्हणून आले होते. त्यांना नियमही धड माहीत नव्हते, पण शेवटच्या मिनिटापर्यंत जागचे हलले नाहीत. माझ्यासोबत कॅफे काढायच्या तयारीतला एक विद्यार्थी होता. बाहेर पडताना तो म्हणाला, "सर, आपल्याकडे पण अशी लाइटिंग आणि असं म्युझिक पाहिजे."

माझं मत नेमकं उलटं आहे. लाइटिंग, नाच, टी-शर्ट फेकणं हा सगळा वरचा मसाला. काकांना खुर्चीत धरून ठेवलं ते बास्केटच्या वर लावलेल्या एका छोट्या घड्याळाने. बॉल हातात आला की 24 सेकंदांत बास्केटच्या दिशेने फेकायचाच, नाहीतर बॉल समोरच्याला.

हे घड्याळ आधी नव्हतं. 22 नोव्हेंबर 1950 ला फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना 19-18 असं हरवलं. दोन्ही संघांचे मिळून 37 गुण! लेकर्सकडे जॉर्ज मायकनसारखा तगडा खेळाडू होता, म्हणून पिस्टन्स बॉल नुसता धरून बसले. नियमात बसत होतं, पण तिकीट काढून आलेल्या माणसाने काय बघायचं?

यावर तोडगा काढणारा माणूस आपल्यातलाच वाटावा असा आहे. डॅनी बियासोन. इटलीहून अमेरिकेत आलेला, सिरॅक्यूज शहरात बोलिंगची जागा चालवणारा धंदेवाला, आणि तिथल्या नॅशनल्स संघाचा मालक. (श्रेय त्याचे मॅनेजर लिओ फेरिस यांनाही दिलं जातं.) त्याने काय केलं बघा. वाईट मॅच का वाईट झाल्या यावर डोकं फोडलं नाही. ज्या मॅच बघायला मजा आली होती, त्या आठवल्या. अशा मॅचमध्ये प्रत्येक संघ साधारण 60 वेळा बॉल बास्केटकडे फेकतो, म्हणजे दोघांचे 120. मॅच 48 मिनिटांची, म्हणजे 2880 सेकंद. भागिले 120. उत्तर 24. झालं.

1954-55 च्या सीझनपासून हा नियम लागू झाला. एका संघाचे सरासरी गुण 79 च्या आसपास होते, ते एका वर्षात 93 वर गेले. आणि त्या वर्षीची चॅम्पियनशिप कोणी जिंकली? बियासोनच्याच नॅशनल्सनी, तीही पिस्टन्सना हरवून. या योगायोगावर मी प्रत्येक बॅचमध्ये दोन मिनिटं खर्च करतो, मला आवरत नाही.

आता तुमचं दुकान. समजा पोळीभाजी केंद्र आहे. दुपारी साडेबारा ते अडीच हीच खरी कमाईची वेळ, म्हणजे 120 मिनिटं. ज्या दिवशी सगळं सुरळीत गेलं, कोणी कटकट केली नाही, त्या दिवशी 40 पार्सल गेली. म्हणजे 3 मिनिटांना एक. हे तुमचं घड्याळ. भिंतीला टाइल्स लावायच्या आधी बघा, कुठल्या कामामुळे 3 चे 7 होतात. बहुतेक वेळा कारण फालतू असतं. सुट्टे पैसे नसतात, नाहीतर डबे वरच्या फळीवर असतात. टाइल्स कितीही भारी असल्या, तरी सात मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत.

"सर, घाई केली की क्वालिटी जाते," असं कोणीतरी म्हणणारच. मान्य. पण ते घड्याळ नीट समजून घ्या. 24 सेकंदांत गुण मिळवा असं ते सांगत नाही, फक्त बॉल फेका असं सांगतं. टेलरने ब्लाउज दोन दिवसांत शिवावा असं मी म्हणत नाही. पण कापड हातात घेतल्यावर दोन मिनिटांत तारीख लिहून द्यावी. "बघतो, फोन करा" म्हणणारा टेलर म्हणजे बॉल धरून बसलेले पिस्टन्स.

त्या कॅफेवाल्या विद्यार्थ्याला मी साउंड सिस्टिमचं कोटेशन बाजूला ठेवायला लावलं आणि मोबाईलचं स्टॉपवॉच काढायला सांगितलं. तुम्ही पण या आठवड्यात तुमच्या सगळ्यात चांगल्या दिवसाचा भागाकार करा. दुकान अजून सुरू झालं नसेल, तर तुमच्या लाइनमधल्या चालत्या दुकानासमोर तासभर उभे राहून मोजा. आकडा कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन-तीन घेऊन बोलू.