शटर तुमच्याच हातात आहे!

गुरुवारी संध्याकाळी बिल लिहिताना त्यांच्या उजव्या हातातून पेन गळून पडले. हात बधिर झाला, जीभ जड झाली. समोरच्या गिऱ्हाइकाला "साडेतीनशे" म्हणायचे होते, ते नीट उमटेना. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. त्यांनी पाणी प्यायले, पेन उचलले आणि रात्री साडेनऊपर्यंत दुकान चालवले. माझ्याकडे आले ते थेट सोमवारी.

"चार दिवस का थांबलात?" मी विचारले.

"डॉक्टर, सोमवारी मार्केट बंद असतं. बाकीच्या दिवशी दुकान कोण बघणार?"

वय ४६. हार्डवेअरचे दुकान, मदतीला एक मुलगा. रक्तदाब १८४/११०. रक्तदाब वाढलेला आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते, कारण कधी मोजलाच नव्हता. गुरुवारी त्यांना जे झाले त्याला आम्ही टीआयए म्हणतो, म्हणजे मेंदूच्या रक्तपुरवठ्यात आलेला तात्पुरता अडथळा. ही पक्षाघाताची आगाऊ सूचना असते, आणि खरा पक्षाघात येण्याचा धोका त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो. नेमके तेच दिवस त्यांनी गल्ल्यावर काढले. ते वाचले हे नशीब.

तुमचे किराणा दुकान असो, टेलरिंग असो, मेस असो वा गॅरेज, हा लेख तुमच्यासाठी आहे.

"टेन्शन घेऊ नका" हा सल्ला नव्हे

आम्ही डॉक्टर हे वाक्य फार सहज बोलतो. पण उधारी अडकली आहे, एक तारखेला भाडे द्यायचे आहे, जीएसटीचे रिटर्न राहिले आहे, शिकवून तयार केलेला मुलगा समोरच्या दुकानात गेला आहे. यातले काहीही माझ्या सांगण्याने नाहीसे होत नाही. नोकरदाराला पगाराची तारीख माहीत असते. तुम्हाला फक्त खर्चाची तारीख माहीत असते. हा ताण खरा आहे.

पण हा ताण शरीरावर नेमका कुठून चढतो, ते पाहा. सकाळी नऊ ते रात्री साडेनऊ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७५ तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली एकत्रितपणे मांडलेल्या निष्कर्षानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त आढळतो.

त्यात बाकीच्या सवयींची भर. गिऱ्हाईक आले की चहा, व्यापारी आला की चहा. दिवसाला आठ कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली तर सोळा चमचे साखर नुसत्या चहातून जाते. दुपारचे जेवण साडेतीनला, रात्रीचे अकराला आणि लगेच झोप. दुकानात स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच कमी प्यायचे. मधुमेहाची गोळी सकाळी घेतली आणि जेवण लांबले, तर काही गोळ्यांनी साखर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. मग "गोळी सोसत नाही" म्हणून तीच बंद केली जाते. दोष गोळीचा नसतो, साडेतीनच्या जेवणाचा असतो.

तुमच्याकडे असलेले औषध

इथे मला एक वेगळे मत मांडायचे आहे. धंदा सोडा, नोकरी करा, असे मी कुणालाही सांगत नाही. धंदा माणसाला फक्त पैसा देत नाही. कुणाची हांजी हांजी नाही, गल्लीत नावाने ओळखणारी माणसे, स्वतःच्या हिमतीवर मुलांचे शिक्षण. सत्तरी ओलांडलेले कित्येक दुकानदार निव्वळ गल्ल्यावर बसायला मिळते म्हणून ताजेतवाने असतात.

कामाच्या ताणाबद्दल संशोधनही एक महत्त्वाची गोष्ट सांगते. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडले की, कामाचा रेटा जास्त आणि त्या कामावर स्वतःचा ताबा कमी, हे मिश्रण सर्वांत त्रासदायक असते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या व्हाइटहॉल अभ्यासातही, कामावर ताबा कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळला.

आता स्वतःकडे पाहा. ताबा तर तुमच्याकडे आहे! शटर कधी उघडायचे, कधी ओढायचे हे ठरवणारे तुम्हीच. पण तो अधिकार तुम्ही वापरत नाही. ठरावीक संख्येहून अधिक कामगार असलेल्या दुकानात साप्ताहिक सुट्टी हा कामगाराचा कायदेशीर हक्क आहे. मालकाला सुट्टी द्या, असे मात्र कुठलाच कायदा सांगत नाही. ती त्याची त्यानेच घ्यायची असते.

पुण्यातल्या "१ ते ४ बंद" या पाटीवर आपण पुष्कळ विनोद केले. डॉक्टर म्हणून माझे मत त्या पाटीच्या बाजूने आहे. वेळेवर जेवण, थोडी पाठ टेकणे आणि संध्याकाळी ताज्या डोक्याने उभे राहणे, हे तिने साधले. तीन तास जमत नसतील, तर एक तास तरी बंद ठेवा.

एवढे करा

१. जेवणाची एक वेळ ठरवा आणि ती पाटीवर लिहा. गिऱ्हाईक पाटीची सवय लावून घेते.

२. तुमच्याशिवाय दुकान अर्धा दिवस चालवू शकेल असा एक माणूस तयार करा. घरातला असो वा कामावरचा.

३. दुकानाचा पैसा आणि घरखर्च वेगळा ठेवा, उधारीला मर्यादा घाला. रात्रीची झोप उडवणारे अर्धे हिशेब याच दोन ठिकाणी असतात.

४. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि साखर तपासा. सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी मोफत होते. रक्तदाब १४०/९० किंवा उपाशीपोटी साखर १२६ च्या वर आली, तर त्रास नसला तरी डॉक्टरांना भेटा.

५. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, दारू वाढली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर ते एकट्याने सोसू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते.

"पण डॉक्टर, गिऱ्हाईक तुटेल!" थोडे तुटेलही, ते मी नाकारत नाही. माझा दवाखाना हाही एक छोटा धंदाच आहे. दुपारी बंद ठेवला की पेशंट दुसरीकडे जातात, हे मी पाहतो. पण एका तासाचे नुकसान आणि सहा महिने अंथरुणावर पडल्याचे नुकसान, हा हिशेब कुठलाही व्यापारी माझ्यापेक्षा चांगला करू शकेल.

ते हार्डवेअरवाले आता नियमित गोळ्या घेतात. मुलाला बिल करायला शिकवले आहे. दोन ते तीन शटर बंद असते. परवा रक्तदाब १३४/८४ होता. "गिऱ्हाईक गेलं का?" मी विचारले. "काही गेलं, बरंचसं तीननंतर येतं," ते हसत म्हणाले.

जाता जाता एक गोष्ट मात्र पाठ करा. तोंड वाकडे होणे, हातापायातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे, यातले काहीही अचानक झाले तर तत्काळ सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते. दहा मिनिटांत बरे वाटले तरी जा. त्या दिवशी वार कुठला आहे, ते पाहू नका.