नागिणीचा विळखा आणि बहात्तर तास

धाराशिव जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत अंगावर नागीण उठली की रोगी अनेकदा प्रथम मांत्रिकाकडे जातो. विळखा पुरा झाला, तोंड शेपटीला मिळाले, की माणूस दगावतो, ही समजूत अद्याप गेलेली नाही. वस्तुतः हा विकार हर्पिस कुळातील विषाणूचा होय. कांजिण्यांच्या वेळी शरीरात शिरलेला हा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की पुन्हा उठतो. विळख्याने कोणी मरत नाही. मात्र मागे राहणारी वेदना कित्येकांना महिनोन्‌महिने छळते, आणि विकार डोळ्यापाशी झाल्यास दृष्टीही जाऊ शकते.

यावर औषध आहे. असायक्लोव्हिर विषाणूच्याच विकराकडून कार्यान्वित होते, म्हणून निरोगी पेशी बव्हंशी सुरक्षित राहतात. अशा संशोधनाचा पाया घालणाऱ्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारताच्या १९७० च्या कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले, म्हणूनच देशी कारखान्यांना असे औषध स्वस्तात बनवता आले.

परंतु ते पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते; शिवाय दिवसातून पाच वेळा, निदान सात दिवस. कळंब-भूमहून ऊसतोडीला गेलेल्या मजुराने फडात हे कसे पाळावे? केवळ अंधश्रद्धेला दोष देणे सोपे आहे. मांत्रिक हाकेच्या अंतरावर असतो; डॉक्टर आणि गोळी तशी नसते, हा खरा प्रश्न आहे.

जपानमध्ये २०१७ साली मान्यता मिळालेले अमेनामेव्हिर दिवसातून एकदाच घ्यावे लागते. श्रमिकाला हवे ते असेच औषध. पण २००५ पासून भारतात औषधाच्या पदार्थावरही पेटंट मिळते. तेव्हा नवे औषध कोणत्या किमतीस मिळेल, हे मक्तेदार ठरवणार. त्यावर उपाय कायद्यातच आहे. २०१२ साली कर्करोगावरील एका औषधाला सक्तीचा परवाना देताच महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आला.

म्हणून मागणी दुहेरी हवी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायक्लोव्हिर सदैव उपलब्ध असावे आणि आशा कार्यकर्त्यांना नागीण ओळखण्याचे शिक्षण मिळावे. त्याचबरोबर सुधारित औषधांचे संशोधन सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक मालकीत व्हावे. बहात्तर तासांची मुदत निसर्गाने घातली आहे. ती गरिबाच्या हातून निसटते, याला जबाबदार मात्र व्यवस्था आहे, आणि ती बदलता येते.